अक्षर न् अक्षर वाचणारा माणूस

आमच्या घरी कुणाची लग्नपत्रिका आली की हळदीकुंकवाआधी तिला लाल शाई लागायची. आमचे मालक खिशातलं पेन काढायचे, चष्मा कपाळावरून नाकावर आणायचे आणि गणपतीच्या चित्राखालच्या पहिल्या ओळीपासून सुरू करायचे. 'आर्शिवाद' दिसलं की त्यांना कोण आनंद. रफार भलत्या अक्षरावर बसलाय म्हणून एवढा खूश होणारा माणूस मी दुसरा बघितला नाही. पत्रिका घेऊन आलेला पाव्हणा चहाची कपबशी हातात धरून बघत राहायचा, आपल्या पोरीच्या लग्नाचं कार्ड रक्तबंबाळ होताना. मी आतून डोळे वटारायची, काही उपयोग नसायचा. वर हे त्याला ती पत्रिका परत द्यायचे, "छापखान्यात दाखवा" म्हणून. अहो, छापून झाल्या, अर्ध्या वाटूनसुद्धा झाल्या. आता दाखवायचं काय, डोंबल?

ते मुद्रितशोधक होते. हा त्यांचा शब्द. गल्लीत सगळे 'प्रूफवाले' म्हणायचे. गंगावेशीच्या अलीकडं एका बोळात छापखाना होता, तिथं ते शिशाची अक्षरं, म्हणजे खिळे, जुळवायच्या काळापासून कामाला. मी गारगोटीकडची. आमच्याकडं हाय म्हणजे हाय आणि न्हाय म्हणजे न्हाय. लग्न करून आले तर नवरा मिळाला तो 'आहे' आणि 'नाही' म्हणणारा. पहिल्या वर्षी त्यांनी मला सुधारून बघितलं. मी म्हटलं, "कागद तुमचा, तोंड माझं. माझ्या तोंडात पेन घालायचं न्हाय." तेव्हा जो तह झाला तो आजवर टिकलाय. मी माझं बोलते, ते त्यांचं बोलतात, आणि एकमेकांना सगळं कळतं.

त्यांच्या कामाची एक रीत होती, ती सांगितल्याशिवाय पुढचं काही उमजायचं नाही. प्रूफ वाचताना अर्थ वाचायचा नाही. ज्या म्हाताऱ्या माणसानं ह्यांना हे काम शिकवलं त्यानं पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं की मजकुरात गुंतलास की चूक निसटली. तेव्हा हे शब्दसुद्धा वाचायचे नाहीत, अक्षरं वाचायचे. वेलांटी, उकार, अनुस्वार, काना. डोळे ओळीवरून असे जायचे की जणू तांदळातले खडे निवडतायत. खडे निवडणाऱ्या बाईला भाताची चव कळत नसते, तसं ह्यांचं होतं. एकदा दिवाळी अंकातल्या रहस्यकथेचं प्रूफ घरी आणून दोनदा वाचलं. मी भाकऱ्या थापता थापता विचारलं, "मग खून कुणी केला वो शेवटी?" ह्यांनी बराच विचार केला आणि म्हणाले, "ते काही लक्षात नाही. पण 'खुनी'चा उकार सगळीकडं दीर्घ टाकलाय, एवढं खरं." हसता हसता माझी भाकरी करपली.

आम्हाला एकच लेक. ती चौथी-पाचवीत गेली तशी ह्यांच्या कामाला बसायला लागली. हातानं लिहिलेला मूळ मजकूर तिच्या मांडीवर, छापलेलं प्रूफ ह्यांच्या हातात. ती मोठ्यानं वाचायची, विरामचिन्हांसकट. 'अध्यक्ष महाराज स्वल्पविराम उपस्थित बंधू आणि भगिनींनो उद्गारचिन्ह', असं, एका सुरात, दम न घेता. शेजारणीनं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिला वाटलं पोरीला कुणीतरी मंत्र दिलाय. बापलेकीचं बोलणं म्हणाल तर एवढंच. हे मुळात अबोल. शाळेत काय झालं, कुणाशी भांडलीस, जेवलीस का, हे विचारायचं खातं माझं. पण संध्याकाळी दोन डोकी एका कागदात घातलेली दिसली की मला बरं वाटायचं.

पुढं छापखान्यात संगणक आले. खिळे गेले, खिळे जुळवणारे गेले, आणि छापखान्याच्या मालकानं नवीन पद्धत काढली की ज्याचा मजकूर त्यानंच तपासायचा आणि खाली सही करायची. चूक राहिली तर गिऱ्हाइकाची. ह्यांना सांगितलं, "लागलं तर बोलावतो." कुणी बोलावलं नाही. मी ब्लाउज शिवत होते, घर चालत होतं, तो प्रश्न नव्हता. प्रश्न हा होता की ह्या माणसाच्या डोळ्यांना करायला काही उरलं नाही. मग ते रस्त्यावरच्या पाट्या वाचत हिंडायला लागले. एका हॉटेलवाल्याला 'शुद्ध शाकाहारी'तला 'शुद्ध' अशुद्ध आहे म्हणून सांगायला गेले. तो म्हणाला, "पावणं, जेवायचं हाय का बोर्ड वाचायचा हाय? बोर्ड वाचायचा आसंल तर भाईरनंबी दिसतोय की." घरी येऊन मला सांगितलं तेव्हा मी त्या हॉटेलवाल्याच्याच बाजूनं बोलले. दोन दिवस अबोला.

तोवर लेक शिकून बेंगळुरूला नोकरीला लागली. लग्न तिथंच जमलं. जावई हुपरीचा, चांदीकाम करणाऱ्या घरातला, पण पैंजणं सोडून संगणकात शिरलेला. पोरगं शांत, मला आवडलं. तिनं आपला जुना संगणक आमच्याकडं पाठवला आणि दिवाळीला आली तेव्हा फोनची तार त्याला जोडून दिली. मराठी माणसांची एक साईट होती, जगभरातले लोक तिथं मराठीत लिहायचे. कुणी पाककृती, कुणी प्रवास, कुणी नुसतंच राजकारणावर तोंडसुख. लेकही तिथं लिहायची. ती ह्यांना म्हणाली, "बाबा, हे तुमच्यासाठी. वाचायला भरपूर आहे."

वाचायला भरपूर म्हणजे काय, ह्या माणसाला घबाडच मिळालं. अहो, अख्ख्या जगाचं प्रूफ. आणि तपासलेलं एकही नाही.

तिथं लोक टोपणनावं घेऊन लिहायचे. ह्यांनी आपलं पूर्ण नाव घातलं, वडिलांच्या नावासकट. सकाळी अंघोळ, देवपूजा, चहा, आणि वीज गेलेली नसेल तर पडद्यासमोर. एका बोटानं टंकायचे. कुणाचंही लिखाण असो, खाली ह्यांचा प्रतिसाद ठरलेला. 'परिच्छेद पहिला. आणी नव्हे, आणि. परंतू नव्हे, परंतु. पुर्ण नव्हे, पूर्ण.' नमस्कार नाही, चमत्कार नाही, छान लिहिलंत नाही. शेवटी 'कळावे' मात्र असायचं. सुरुवातीला लोकांनी आभार मानले. मग चिडायला लागले. एकानं लिहिलं, 'काका, भावना पोहोचल्या ना, मग झालं.' ह्यांनी त्यालाही उत्तर दिलं, की 'पोहोचल्या'तला 'हो' तुम्ही बरोबर लिहिलात, बहुतेक जण चुकतात. त्याला ती थट्टा वाटली आणि त्यानं शिव्या घातल्या. ह्यांनी थट्टा आयुष्यात कधी केली नाही.

त्या साईटवर अशी आणखीही मंडळी होती. एक गृहस्थ अमेरिकेत बसून दुसऱ्यांचे अनुस्वार मोजायचे. एक बाई निवृत्त शिक्षिका होत्या, त्या गुणसुद्धा द्यायच्या. ह्या तिघांचं आपापसात जमायचं असं कुणाला वाटेल, पण कसलं काय. एकदा त्या अमेरिकावाल्यानं ह्यांचीच चूक काढली. झालं. मालकांनी जेवणाचं ताट बाजूला सारलं, नियमांचं जुनं पुस्तक काढलं आणि संध्याकाळपर्यंत खाटेवर बसून राहिले. पुस्तकात ह्यांच्या बाजूनं निघालं तेव्हा कुठं पोटात आमटी गेली. आता मी काय म्हणणार? सत्तरीला टेकलेला माणूस उकारासाठी उपाशी बसतोय, त्याला रागवायचं का पाठीवरून हात फिरवायचा हेच मला कळायचं नाही.

एक खरं सांगते, सगळ्यांना ह्यांचा राग नव्हता. काही जण आपलं लिखाण आधी ह्यांच्याकडं पाठवायचे, तपासून द्या म्हणून. ते आलं की ह्यांचा चेहरा खुलायचा. परत कुणालातरी आपण लागतोय असं त्यांना वाटायचं, आणि ते मला त्यांच्याइतकंच हवं होतं. म्हणून मी फार आडवी आले नाही. फोनची लाईन दिवसभर अडकून राहायची, माझी गिऱ्हाइकं दारात येऊन तक्रार करायची, तरी मी चालवून घेतलं.

पण लेकीच्या लिखाणालाही ते सोडत नव्हते, तिथं माझं डोकं फिरायचं. ती काय लिहायची तर आपलं साधंच. भाजीवाल्या अम्माशी खुणांनी केलेला सौदा. गॅलरीत लावलेला कढीपत्ता. मिरच्यांचा ठेचा करताना शेजारच्या घरातनं आलेल्या शिंका. मला तो पडदा बघवायचा नाही, डोळ्यात मोतीबिंदू उतरायला लागला होता आणि त्या उजेडानं पाणी यायचं. म्हणून मी ह्यांना विचारायची, "काय लिवलंय पोरीनं?" हे सांगायचे ते एका ओळीत. 'कढीपत्त्याबद्दल आहे.' 'पावसाबद्दल आहे.' पुढचं सगळं चुकांचं. तेवढ्यावर मी समाधान मानायची. फोनवर ती फारसं बोलायची नाही. रविवारी फोन यायचा, खुशाली व्हायची, मी 'काही विशेष?' विचारायची, लग्नाला तीन वर्षं झालेल्या लेकीला कुठलीही आई विचारते तसं, ती 'काही नाही' म्हणायची आणि ठेवायची. तिचं मन जे काही मोकळं व्हायचं ते त्या साईटवर. म्हणजे माझ्या पोरीचा जीव कसाय हे मला कळायचा रस्ता एकच, आणि त्या रस्त्यावर हा माणूस लाल पेन घेऊन बसलेला.

मी त्यांना एकदा स्पष्ट सांगितलं. "चारचौघांत पोरीच्या चुका काढू नका. लिवायची बंद होईल ती. मग मला काय कळणार तिचं?"

"चूक दिसली की राहवत नाही," ते म्हणाले. "आणि ती बंद होणार नाही. तिला सवय आहे."

हे मात्र त्यांचं खरं होतं. ती बंद झाली नाही.

ही गोष्ट त्या वर्षीच्या पावसाळ्यातली. आमच्या गल्लीत गटारीसाठी रस्ता खणायला घेतला होता. एक दिवस दुपारी हे पडद्यासमोरून उठून स्वयंपाकघरात पाणी प्यायला आले. मी विचारलं, "काय म्हणतीया लेक?"

"लिहिलंय आज. बऱ्याच दिवसांनी." तांब्या खाली ठेवून म्हणाले, "चुका फार वाढल्यात तिच्या. एका ओळीत दोन-दोन. लक्षच नाही तिचं लिहिण्यात."

"पर लिवलंय काय?"

"नेहमीचंच. घराबद्दल आहे."

मी परत मशीनवर बसले. त्याच संध्याकाळी खणणाऱ्यांनी टेलिफोनची तार तोडली. सगळ्या गल्लीचे फोन मुके झाले, आणि आमचा संगणकही त्या तारेवर जगणारा, तोही मुका. हे रोज सकाळी रिसीव्हर कानाला लावून बघायचे. टेलिफोनच्या ऑफिसात दोन फेऱ्या झाल्या. तिथल्या माणसानं अर्ज लिहून द्या म्हटलं तेव्हा ह्यांनी त्याच्या छापील अर्जातली चूक दाखवली असणार, कारण तार जोडायला जास्तच दिवस लागले.

तार जुळली त्या दिवशी सकाळी मागच्या गल्लीतली एक बाई ब्लाउज न्यायला आली. तिची सून ऑफिसात बसून ती साईट वाचायची, हे मला माहीत होतं. आमचे मालक तिथं लिहितात म्हणून तिनंच गल्लीभर सांगितलं होतं. मी ब्लाउजला शेवटची हुकं लावत होते. बाई खुर्चीवर टेकली आणि हळू आवाजात म्हणाली, "आता कशी हाय वो लेक? हिंडती-फिरती न्हवं? मनाला लावून घिऊ नकोस म्हनावं. दिवस काय, परत ऱ्हात्यात. माझ्या भनीचंबी पयलं आसंच गेलतं."

मी सुई खाली ठेवली. तिला वाटलं मला सगळं ठाऊक आहे आणि दुःखानं गप्प आहे, म्हणून तिनं माझ्या हातावर हात ठेवला आणि बसून राहिली. मीही बसून राहिले. त्यानंतरचं मला आठवतं ते एवढंच, की ब्लाउजाचं शेवटचं हूक लावायचं राहिलं आणि ती तसाच घेऊन गेली.

हे मंडईतून भाजी घेऊन आले. पिशवी ठेवायच्या आत मी म्हटलं, "लेकीचं लिवलेलं उघडा."

"आलं वाटतं नेट? बरं झालं. जरा हातपाय..."

"आत्ता उघडा."

माझा आवाज ऐकून ते लगेच पडद्यासमोर बसले. त्या यंत्राची ती किरकिर, फोन लागताना जी होते, ती मला त्या दिवशी संपतच नाही असं वाटलं. मी त्यांच्या खुर्चीच्या मागं उभी राहिले. पदरानं डोळे पुसत होते, उजेडानं का कशानं देव जाणे. लेकीचं लिखाण पडद्यावर आलं. हे आपल्या सवयीनं पहिल्या ओळीपासून बोट फिरवत खाली आले, आणि मी बघते तर त्यांच्या तोंडावर हसू. अगदी बारीक, पण हसू.

"बघ," म्हणाले, "मी दाखवलेल्या सगळ्या काढल्या तिनं. एकही राहिली नाही."

त्या क्षणी मला त्या माणसाला खुर्चीसकट ढकलून द्यावंसं वाटलं. मी तेवढंच म्हटलं, "मोठ्यानं वाचा."

"कशाला? बरोबर आहे की सगळं."

"मला ऐकायचंय. माझ्या पोरीनं काय लिवलंय ते मला ऐकायचंय. वाचा."

त्यांनी घसा खाकरला आणि वाचायला लागले. 'आज घरी परत आले. घर तसंच आहे. कढीपत्त्याला कुणी पाणी घातलं नव्हतं, तरी तो हिरवा आहे. हॉस्पिटलमध्ये खिडकी नव्हती, त्यामुळे बाहेर पाऊस होता हे मला परत येताना कळलं.' इथं त्यांनी तीच ओळ परत एकदा वाचली. पुढं वाचू लागले. 'डॉक्टरबाईंनी पोटावरून यंत्र फिरवलं, पुन्हा फिरवलं, मग पडदा माझ्याकडून पलीकडं वळवला. म्हणाल्या, हृदयाचे ठोके लागत नाहीत.'

ते थांबले. मी वाट बघितली. बोट त्या ओळीवर होतं आणि ते पुढं जाईना. शेवटी मी त्यांच्या खांद्यावरून वाकून, डोळे बारीक करून, पुढचं स्वतः वाचलं. लिहिलं होतं, 'आईला अजून सांगितलंच नव्हतं की दिवस गेलेत. तीन महिने झाल्यावर सांगू, असं मनात होतं. आता काय गेलं ते सांगायचं तर आधी काय होतं ते सांगावं लागेल, आणि तेवढा धीर मला फोनवर होत नाही. नवऱ्यालाही म्हटलंय, तू सांगू नकोस, मी सांगते. म्हणून इथं लिहितेय. बाबा इथलं अक्षर न् अक्षर वाचतात. त्यांना कळेल. ते आईला सांगतील.'

ह्यांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. "हे होतं यात?" म्हणाले. मग परत पडद्याकडं बघून, जणू दुसऱ्याच कुणाला सांगतायत तसं, "मी वाचलं होतं गं. मी हे सगळं वाचलं होतं."

आता मी असं लिहू शकते की त्यांचं तोंड बघून माझा राग पळाला. पळाला नाही. माझी पोरगी त्या परक्या गावात रिकाम्या पोटानं घरी आली होती, आपल्या बापावर भरवसा टाकून तिनं जगासमोर हे लिहिलं होतं, आणि मी इथं लोकांच्या ब्लाउजांना हुकं लावत बसले होते. राग कसा जाईल? पण हात मात्र त्यांच्या खांद्यावरच राहिला. तो मी ठेवला होता का आधाराला धरला होता, सांगता येत नाही.

मीच म्हटलं, "खाली काय हाय बघू."

खाली लोकांचे प्रतिसाद होते. काळजी घे, स्वतःला जप, आम्ही आहोत. ओळख ना पाळख अशा माणसांनी किती मायेनं लिहिलं होतं. आणि त्या सगळ्यांच्या वर, सगळ्यात आधी, ह्यांचा. 'परिच्छेद पहिला. हॉस्पीटल नव्हे, हॉस्पिटल. खीडकी नव्हे, खिडकी. पाउस नव्हे, पाऊस. परिच्छेद दुसरा. ह्रदय नव्हे, हृदय. पुन्हा नीट तपासून पाहावे. कळावे.' त्याखाली दोघा-तिघांनी ह्यांना फैलावर घेतलं होतं, आणि त्यांचंही काही चुकलं नव्हतं. निवृत्त शिक्षिकाबाईंनी फक्त 'अहो' एवढंच लिहिलं होतं. ह्यांनी ते सगळं वाचलं. एकेक शब्द वाचला, ओठ हलत होते. आणि मग सगळ्यांच्या शेवटी लेकीची एक ओळ आली. ती तार तुटल्याच्या दुसऱ्या दिवशीची होती.

'बाबा, सगळं दुरुस्त केलंय. आता वाचा.'

हे बाकी कुणाला कळलं नसतं, आम्हा दोघांना कळलं. पोरगी शाळेत निबंध लिहायची तेव्हा असंच चालायचं. आधी ती लिहिणार, हे चुका दाखवणार, ती पाटावर बसून सगळं नव्यानं लिहिणार आणि आणून देणार. तो दुसरा कागद मात्र हे पेन बाजूला ठेवून, खाटेवर मागं टेकून वाचायचे. कधी हसायचे, कधी 'असं झालं होय?' म्हणायचे. तिला माहीत होतं, चुकांतनं सुटल्याशिवाय बाबा मजकुरापर्यंत येत नाहीत. दवाखान्यातून आलेली पोरगी, अंगात त्राण नसताना, परत त्या पडद्यासमोर बसली होती आणि तिनं एकेक वेलांटी नीट केली होती. आणि मग वाट बघत बसली होती. इकडं आमची तार तुटलेली.

मी ह्यांना म्हटलं, "बंद करा ते. लाईन मोकळी करा."

नंबर मीच फिरवला. पहिल्याच घंटेला तिनं उचलला. मी "पोरी" म्हटलं आणि पुढचं मला काही आलं नाही, येवढं तोंड असलेल्या बाईला. मग तीच अगदी हळू म्हणाली, "आई, बाबांनी वाचलं?"

मी फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला. त्यांच्या ओठांची हालचाल होत होती, वाक्य जुळवत असावेत. आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं नीट करणाऱ्या माणसाला स्वतःचं एक सापडेना. मी त्यांच्याकडं बघत उभी राहिले, सांगून दिलं नाही.

"पोरी, मी वाचलं," ते म्हणाले.

मग ती रडायला लागली, इतक्या मोठ्यानं की मला उभ्या जागेवर ऐकू येत होतं. लहानपणी पडली तरी अशी कधी रडली नव्हती. ह्यांनी तिला गप्प हो म्हटलं नाही, काही विचारलं नाही, मध्ये काही बोललेही नाहीत. फोन कानाला धरून ते तिचं रडणं शेवटपर्यंत ऐकत राहिले.